पाठ करून ऐकलेलं युफोनियम

कुठलंही पितळी वाद्य समोर आलं की मास्तर आधी त्याच्या रुंद तोंडावर करंगळीच्या नखानं टिचकी मारायचे. मान तिरकी करून ऐकायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "बोलतंय लेकाचं!" नाही आवडलं तर नुसतं "हं."

राहात्याच्या आमच्या बँडमध्ये ते युफोनियम वाजवायचे. तुम्ही वरातीत कितीही नाचला असाल, हे वाद्य तुमच्या ध्यानात आलं नसेल. छातीशी कवटाळायचं, लेकरासारखं सांभाळायचं जाडजूड पितळी धूड. पुढच्या रांगेत युफोनियमवाला एकच. ती जागा वीस वर्षं मास्तरांची. मी मागच्या रांगेत, बँडचंच जुनं युफोनियम घेऊन.

मला शिकवलं त्यांनीच. "गाल फुगवू नको, बेडूक हाय का तू?" म्हणत गालावर चापट मारायचे. वरात निघायच्या आधी जिलबीला हात लावू द्यायचे नाहीत. "सूर चिकटतो गड्या." स्वतः मात्र वरात संपल्यावर चार-चार हाणायचे. बाप गेल्यावर माझ्यावर इतकं हक्कानं कोणी ओरडलं नव्हतं.

मग एका लग्नसराईच्या तोंडावर बँडचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरचा दम आता पुरत न्हाई. तू सोताचं चांगलं वाद्य आन, पुढं तूच."

मी म्हैस विकली. आणि वाद्य निवडायला नगरला बरोबर कोणाला न्यावं? मास्तरांनाच. हसा, खुशाल हसा. पण दुसरं कोणाला न्यायचं होतं मी? मालक काय म्हणाले तेही एसटीत बसल्या बसल्या मीच त्यांना सांगून टाकलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बरं झालं की."

दुकानात दोन युफोनियम होती. एक जुनं, तोंडाच्या कडेला अंगठ्याएवढा पोचा आलेलं. दुसरं नवंकोरं, झगमगीत. पोच्याच्या वाद्यावर मास्तरांनी टिचकी मारली, मान तिरकी केली आणि काहीच बोलले नाहीत. "हं"सुद्धा नाही.

"वाजवनाऱ्याला आवाज कळत न्हाई," ते म्हणाले. "म्या वाजवतो. तू रस्त्यापल्याड जा, पाठ करून हुबा ऱ्हा. डोळ्यानं निवडू नको, कानानं निवड."

मी पलीकडच्या रसवंतीकडे तोंड करून उभा राहिलो, डोळे मिटून. पहिला आवाज आला तो पोकळ, दमेकऱ्यासारखा. दुसरा भरदार. मी पळतच आलो. "दुसरं, मास्तर!" ते नवं निघालं.

"बघ बाबा, तुझा कान," ते म्हणाले. "म्या काय सांगत न्हाई."

घरी खालच्या सुरात त्याचा आवाज फाटायला लागला. पंधरा दिवस मी जीव तोडून फुंकलं. मला वाटलं, माझ्यातच खोट आहे. मास्तर म्हणायचे, "ओठ बसत्याल हळूहळू."

सराईतलं पहिलं लग्न देवळाली प्रवरेला होतं. मी मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होतो आणि पाठीमागून असा काही सूर आला की अंगावर काटा आला. वळून पाहिलं तर मास्तर. छातीशी पोच्याचं युफोनियम. आमच्यानंतर आठवड्याच्या आत एकटेच नगरला जाऊन आले होते. मालक ऐकून मान डोलावत होते.

वरात झाल्यावर मी त्यांना गाठलं. "मास्तर, त्या दिवशी हे तुमी मुद्दाम वाईट वाजवलं?"

ते सदऱ्याच्या टोकानं वाद्य पुसत राहिले. "व्हय. ओठ ढिले सोडले हुते."

"माझी म्हैस गेली हो!"

"तू तरना हाय. मला ही जागा गेल्यावर कोन इचारनार हुतं?"

अहो, मागितली असती तर दिली असती मी ती जागा! देवाशपथ दिली असती. दोन वर्षं काय, चार वर्षं मागे उभा राहिलो असतो. पण मलाच पाठ करून उभं केलं आणि माझ्याच कानाकडून मला फसवलं. म्हशीचं दुःख विरलं, हे नाही विरलं. तेव्हापासून कुठलाही सूर ऐकला की आधी शंका येते.

चार सराया ते पुढे वाजवत राहिले. मग दात गेले, मग घरी बसले, मागच्या वर्षी गेले. पोच्याचं युफोनियम सुनेनं भांड्यांबरोबर मोडीत घातलं. पुढची जागा आता माझी आहे आणि वाद्य तेच, फाटणारं.

परवा दुसरं घ्यायला पुन्हा नगरला गेलो. दुकानदारानं दोन समोर ठेवली. मी करंगळीनं टिचकी मारली. दोन्ही सारखीच वाटली. काय मनात आलं कोण जाणे, मी रस्ता ओलांडला आणि दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो. आत वाजवायला कोणीच नव्हतं.

बराच वेळ गेल्यावर रसवंतीवाल्यानं विचारलं, "पाव्हनं, कुनाची वाट बघताय?"

"होता एक लबाड माणूस," मी म्हणालो, आणि तसाच उभा राहिलो.