करदोडा सैल, पोट जागेवर

पोटाचे व्यायाम केल्याने पोट कमी होतं का, या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःच्या पोटावर सव्वा महिना प्रयोग करून काढलेलं आहे. उत्तर सांगतो, पण शेवटी. एवढी मेहनत मी केली, तर तुम्हाला थोडं थांबायला काय हरकत आहे?

तेव्हा आमच्या जिल्ह्यात मलाजखंडला तांब्याची खाण अजून यायची होती, माझं पोट मात्र येऊन चुकलं होतं. बालाघाटच्या एका कचेरीत मी कारकून. दिवसभर बसून काम, घरी चिन्नोरचा भात, त्यावर लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि "घ्या न थोडा" म्हणणारी बायको. पोट येणार नाही तर काय येणार, बढती? पण आम्ही दोघं, म्हणजे मी आणि पोट, सुखात होतो. मग लांजीहून ताई आली. माझी भाची विमल हिचं लग्न ठरलं होतं.

आमच्याकडे लग्नात नवरीला मामा उचलून आणतो. हाताला धरून नव्हे, चांगलं दोन्ही हातांवर उचलून, घरातून थेट बोहल्यापर्यंत, सगळ्या वऱ्हाडासमोर. विमलला सख्खा मामा एकच, मी. ताईने मला दारातच खालून वर पाहिलं आणि मध्ये जरा जास्त वेळ थांबली.

"काहून रे मनोहर, तू पोरीले उचलशीन का पोटाले?"

"दोघायलेही उचलतो," मी म्हणालो.

"पोरीले ठेवशीन कुठं? जागा त अगोदरच भरली हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जमत नसन त आताच सांग. माह्या जेठाचा साळा तयार हाय. धट्टाकट्टा हाय तो."

हे मला लागलं. विमल एवढीशी होती तेव्हा तिला खांद्यावर बसवून वैनगंगेचा पूर दाखवायला मीच नेलं होतं. आणि आता तिला ताईच्या थोरल्या दिराच्या कुठल्याशा साळ्याने बोहल्यावर न्यायचं, मी मागे अक्षता घेऊन उभं राहायचं? त्याच संध्याकाळी मी दशरथ वस्तादांकडे गेलो.

वस्ताद आमच्या गल्लीच्या टोकाला आखाडा चालवत. त्यांचं पोट माझ्या पोटाच्या वीतभर पुढे होतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. (आलं होतं. पण मला वाटलं, ती ताकद असेल.)

"उताणे पडा, पाय वर, सांस बाहेर," वस्ताद म्हणाले. "मंग पाय खाली ठेवून उठून बसा. रोज पन्नास वेळा. पेट अंदर गेल्याबिगर राह्यत नाही."

"पण किती गेलं, हे समजन कसं?"

"कंबरेले करदोडा हाय न? त्यात बोट घालून पाहा. एक बोट गेलं का समजा, तेवढं पोट गेलं."

इतकं सोपं शास्त्र मी आजवर ऐकलं नव्हतं. लहानपणापासून कंबरेला बांधलेला तो काळा दोरा आता पोटात असा रुतला होता की बोट सोडा, नखही शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरुवात झाली. उठून बसताना पाय धरायला कोणीतरी लागे, म्हणून सुशीला, माझी बायको, माझ्या पायाशी बसे.

"लग्नात याच पाया पडली होती मी," ती म्हणाली. "पुढं हे रोज धरून बसा लागन, हे कोनं सांगतलं नाही."

आठ दिवस झाले तरी बोट शिरेना. मी चिडलो. भात बंद केला, ताकावर राहिलो, आणि उपाशी माणूस जे करतो ते केलं, म्हणजे घर डोक्यावर घेतलं. पाण्याच्या गुंडीवर झाकण का नाही, इथपासून भांडलो. व्यायामाने पाठ आखडली होती, म्हणून सुशीला रोज अंघोळीआधी मला पालथं झोपवून जवसाचं तेल चोळी. आणि काय सांगू, अकराव्या दिवशी करदोड्यात अख्खं बोट गेलं.

"गेलं न, अजी?" सुशीला म्हणाली. "आता बसा जेवाले."

बसलो. व्यायाम करणाऱ्याने खाल्लं पाहिजे, असं वस्तादांचंही मत होतं (त्यांच्याकडे पाहूनच ते समजत होतं). मी दोनदा भात घ्यायचो तो आता चारदा घेऊ लागलो. पुढच्या आठवड्यात दोन बोटं गेली, मग तीन. जसजसा भात वाढत गेला, तसतसं पोट कमी होत गेलं. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी कचेरीत दुपारच्या चहाला पोटावर भाषणं देऊ लागलो.

लग्नासाठी बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला तेव्हा मी शिंप्याला म्हटलं, "आणखी दोन बोटं कमी होनार हाय. मापात दोन बोटं कमीच धर."

"बाबूजी, मी हाय त्या पोटाचा कपडा शिवतो," तो म्हणाला. "होनाऱ्या पोटाचा नाही."

मी ऐकलं नाही. कोट आला तेव्हा त्याची मधली तीन बटणं काजांपर्यंत पोचेनात. करदोडा सैल आणि कोट घट्ट. दोघांतलं कोणीतरी खोटं बोलत होतं. करदोडा घरचा, म्हणून मी शिंप्याला चोर ठरवलं आणि श्वास रोखून बटणं लावली.

लग्नाच्या दिवशी पहाटे, लांजीला ताईच्या गोठ्यामागे, मी पन्नासच्या जागी शंभर वेळा उठलो-बसलो. म्हटलं, शेवटचा हात मारून घेऊ. मुहूर्त आला. बँड सुरू झाला. जेठाचा तो साळा बाह्या वर करून दाराशीच उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकलो, विमलला उचललं. आणि खरं सांगतो, उचललं. तीन पावलं तर मी राजासारखा चाललो.

चौथ्या पावलाला पोटात असा गोळा आला की डोळ्यांपुढे अंधारी. मागे कोटाची शिवण टराटरा गेली. मी जागच्या जागी कमरेत दुमडलो.

"मामाजी, ठेवा मले खाली," विमल कानाशी कुजबुजली. "पडू दोघंही."

साळा धावत आला. "सरा, मी नेतो," म्हणाला.

"नाही," विमल म्हणाली. "माहे मामाजीच नेतीन मले."

तिने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने कंबर धरली, आणि शालू सावरत, मुंडावळ्या हलवत मला बोहल्यापर्यंत नेलं. वऱ्हाडातली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाई, इकडं नवरीच मामाले आणते का?" मला लाज वाटली, आणि रडूही आलं. पूर दाखवायला नेलेली पोर होती ती.

नंतर आतल्या खोलीत मी पालथा पडलो होतो आणि सुशीला तेल चोळत होती.

"तीन बोटं पोट गेलं होतं," मी कण्हत म्हणालो. "मंग असं झालं काहून?"

तिचा हात थांबला. "अजी, रागावू नका. तुमी उपाशी राह्यले का माहं जगनं कठीन करता. करदोड्याची गाठ पाठीवर हाय. तेल लावता लावता मी थोडी थोडी सैल केली."

"मंग पोट?"

"ते जागेवरच हाय. वाढलं असन बोटभर."

रागवावं, असा विचार करून पाहिला. तेवढ्यात बाहेरून ताईची हाक आली, पंगत बसून राह्यली, या म्हणून.

"सुशीला," मी उशीत तोंड खुपसून म्हणालो, "हात तिथंच हाय न तुहा? मंग आनखी दोन बोटं सैल कर. जेवाले बसा लागते."