येऊन गेलेलं दुखणं

२०२१ साल, माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, लिहिण्यात चूक सापडली तर वाचणाऱ्याने पुढं जावं, माफी मागायची मले सवय नाही. माझी बायको सिंधू गेली त्याले महिना झाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी मले कोरोना निघाला अन् जानेफळच्या आमच्या घरात मागच्या खोलीत मले टाकलं. खिडकी एकच, तीही गोठ्याकडची. सगळे बाहेर थांबले. सिंधू मात्र गादी काखेत मारून आत आली.

"काऊन आली वं? बाहेर हो!"

"मले गेल्या साली येऊन गेला. एकदा येऊन गेलेली माता फिरून येते काय?"

आमच्याकडे गोवर, कांजिण्या, साऱ्यांले माताच म्हणतात. ती अंगावरून गेली की माणूस मोकळा. रोग्याजवळ बसायचा मान मग त्याचाच. साऱ्या लेकरांचा गोवर सिंधूने असाच उशाशी बसून काढला होता. आमची पोरगी वंदना मेहकरच्या दवाखान्यात नर्स आहे. ती खिडकीतून ओरडली, "आई, बाहेर ये! गोवरची वळख अंग जन्मभर ठेवते, याची नाही. हा अंगात आपल्याच नकला काढत राह्यते. नकलेत चुका होतात, साऱ्या काही दुरुस्त होत नाहीत. चुकता चुकता रूपच बदलते त्याचं!"

सिंधू माझ्याकडे पाहून हसली. "चुकते अन् दुरुस्त होत नाही? मंग तुह्या बापाचाच भाऊ हाय थो. त्याले मी बराबर वळखते."

तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही, हे मी आजवर कोणाले सांगितलं नव्हतं. तिले हाकलावं तर अंगात जोर नाही, तोंड फिरवावं तर भिंत. कपाळावर ओलं फडकं फिरत राहिलं... माझा ताप उतरला अन् तिचा चढला. एका गादीवर मी, एका गादीवर ती. तिची धाप ऐकायची अन् छताकडं पाहायचं, दुसरं करण्यासारखं त्या खोलीत काही नव्हतं.

"वंदी म्हणे ते खरं होतं काय वो?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "तुले काही होत नाही."

गाडी आली, तिले बुलढाण्याले घेऊन गेली. मले खोलीतून निघू दिलं नाही. खबर आली तीही खिडकीतूनच. वंदना तोंडावरचा मास्क न काढता गजाले धरून नुसती उभी राहिली... तोंड पाहायले मिळालं नाही, पाणी पाजायले मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधूची धाकटी बहीण कमल देऊळघाटहून आली. दाराबाहेर तिचा रडका आवाज, "भाऊजी, एकटे कसे राहसान? मी येते अंदर. मलेबी मागच्या साली होऊन गेला, मले कायची भीती?" मी गादीवरून उठलो, भिंतीले धरत धरत दारापर्यंत गेलो, अन् आतून कडी घातली.