ठप्प वाजणारी होडी

तो नावाडी, त्याचा बापही नावाडीच. बापाने जाताना त्याला दोनच वस्तू दिल्या, शिडाची एक होडी आणि तळहाताएवढी लाकडी हातोडी. होडीने घर चालवलं आणि हातोडीने होडी सांभाळली. दरवर्षी होडी काठावर ओढायची, कुशीवर कलती करायची, आठ दिवस सुकू द्यायची, मग हा फळी न फळी ठोकत फिरायचा. चांगलं लाकूड टण्ण वाजतं, कुजलेलं ठप्प. सुतार डोळ्यांनी बघतात, हा कानांनी बघायचा. आपला कान कधी चुकला नाही, असं तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की कुणाला विसरायची सोयच नव्हती.

त्या होडीतून त्याने पलीकडच्या काठावर काय काय नेलं! पोती, कपाटं, शाळेतल्या बाई, एकदा तर एक आजारी म्हैस. आणि येताना एकदा स्वतःची नवरी आणली. नवरीला भर पाण्यात उलटी झाली. ती एक उलटी त्याने चिडवायला एक्केचाळीस वर्षं पुरवली.

या वर्षी मात्र होडी ठोकून आला आणि जेवायला बसला नाही. भिंतीला टेकून म्हणाला, "संपली ती. एकूण एक फळी ठप्प वाजते. उद्या तुझ्या भावाला बोलाव, मोडून टाकू."

बायकोचा भाऊ होड्यांचा सुतार. बायकोने लेकीकडे पाहिलं, लेकीने आईकडे. लेक अकरा वर्षांपूर्वी सासर सोडून आली होती, तेव्हापासून होडीवर शिडाची दोरी धरायची. दोघींच्याही मनात एकच आलं, आणि दोघींनीही ते त्याला कळू दिलं नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी त्याला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा बायकोने आवाज चढवला. आणखी कमी झालं, तिने आणखी चढवला. लेकीनेही तेच केलं. शेजाऱ्यांना वाटे, या घरात रोज भांडणं. भांडणं कसली, मीठ मागत असायच्या. म्हातारपणी मन कशाला मोडायचं, एवढाच हेतू. पाण्यावर मागून मोटारबोटीचा भोंगा झाला की लेक न बोलता त्याच्या हातातल्या सुकाणूला गुडघ्याने रेटा द्यायची. त्याला वाटायचं, प्रवाहाची ओढ.

सकाळी मेहुणा करवत घेऊन आला. दाजींच्या हातून हातोडी घेऊन त्याने सगळी होडी ठोकली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बहिणीने खुणेने त्याला बाजूला बोलावलं.

"ताई, तळाच्या दोन फळ्या गेल्यात," तो म्हणाला. "बाकी ही होडी माझ्या पोरांना म्हातारं करेल. तू सांगतेस त्यांना, की मी करवत चालवू?"

सांगितलं तर होडी वाचत होती. पण ज्याला भोंगा ऐकू येत नाही, त्याच्या हाती माणसांनी भरलेली होडी कोण देणार? न सांगितलं तर होडी जाणार, तो मात्र ताठ मानेने घरी बसणार. तेवढ्यात बायकोला लेक दिसली. शिडाची घडी छातीशी धरून उभी होती, कुणी हिसकावून घेईल अशी.

तो होडीकडे पाठ करून दगडावर बसला होता. बायको शेजारी टेकली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली.

"काय?" त्याने विचारलं.

ती पुन्हा तेच, तशाच आवाजात बोलली.

"मोठ्याने बोल ना."

"अहो, दोन वर्षं मी मोठ्यानेच बोलतेय," ती ओरडून म्हणाली.

तो उठला, मेहुण्याकडून हातोडी घेतली आणि गेल्याच वर्षी बसवलेली कोरी फळी ठोकली. ठप्प. पुन्हा ठोकली. मेहुण्याने मान खाली घातली.

मग त्याने लेकीला विचारलं, पाण्यावर कसं निभावत होतं. तिने गुडघ्याचं सांगितलं.

"म्हणजे प्रवाह नव्हता तो," तो म्हणाला. आणि हातोडी तिच्या हातात दिली.

त्यानंतर एक सबंध दुपार त्याने तिला ठोकायला शिकवलं. ती ठोकायची, हा फळीच्या आतल्या बाजूला तळवा लावून बसायचा. तळव्याला काही कळत होतं की नाही, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त म्हणायचा, "परत."

मेहुण्याने दोन फळ्या बदलल्या, फटी भरल्या, डांबर फासलं. होडी पाण्यात उतरली तेव्हा सुकाणूवर लेक होती. तो डोलकाठीपाशी बसला, उतारू बसतात तिथे, बायकोला लागून. जन्मात पहिल्यांदाच त्याला हाताशी काही काम नव्हतं.

भर पाण्यात त्याचा चेहरा पांढरा पडला. तो होडीच्या कडेवरून वाकला आणि त्याला उलटी झाली.

बायकोने त्याची पाठ चोळली. चिडवलं नाही.