बिनजाळाचा आवा

माझे बाबा बोरी अरबचे कुंभार. मी यवतमाळच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. सिरॅमिकची पांढरी पूड गोंदाच्या पाण्यात कालवायची, दाबून बटणाएवढ्या चकत्या करायच्या आणि मायक्रोवेव्ह भट्टीत न वितळवता भाजून एकजीव करायच्या. याला सिंटरिंग म्हणतात. बाबा मात्र मडकी भाजणंच म्हणत, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई. कॉलेजात मी कुंभाराची पोर आहे हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण चकत्या तडकत होत्या. तिसऱ्यांदा तडकल्यावर सरांनी पंधरा दिवस दिले. तेवढ्यात अखंड चकती निघाली नाही तर विषय सोडायचा. दोन वर्षं पाण्यात. मी तोंड पाडून घरी आले.

बाबा आवा रचत होते, म्हणजे मडक्यांची भट्टी. कापसाची ती पडती वर्षं. बोंडं दगा देत, पण पऱ्हाट्या शेतोशेती उभ्या. त्या वाळक्या झाडांवरच आमचा आवा पेटायचा.

"तुह्या आव्यात जाळ कायचा?" बाबांनी विचारलं.

"जाळ नसतो, बाबा. चकती आतूनच तापते." तेव्हा मी घरीही पुस्तकी बोलायचे.

"बिनजाळाचा आवा! बिनबैलाची बंडी पाह्यली, आता हे." पोटभर हसून झाल्यावर म्हणाले, "अन् कच्चं वाळवतं कोठी?"

"खिडकीत, उन्हात. लवकर वाळतं."

बाबांनी चिखलाचा हात कपाळावर मारला. "कुंभाराची पोरगी अन् कच्चं उन्हात ठेवते! वरून वाळते, अंदर ओल राह्यते. अन् तुहा आवा तं अंदरूनच पेटते. मंग त्या ओलीनं जावं कोठी? फोडूनच निंघन ना वं माय!"

"सायन्समध्ये असं नसतं."

"नसन बापा. पन सावलीत वाळवजो. अन् पह्यले नुसती धग देजो, जाळ मंग."

आठवडाभर चकत्या कपाटात वाळवल्या. भट्टी आधी मंद ठेवली. चकती अखंड निघाली.

"ही पद्धत कुठून घेतली?" सरांनी विचारलं.

बाबा अगदी जिभेवर आले होते. "चुकत चुकत सापडली, सर," मी म्हणाले. प्रबंधातही तेच लिहिलं.

चकती बाबांना नेऊन दिली. त्यांनी नखानं टिचकी मारून ती कानाशी धरली. "ठणठणीत!" बाजाराच्या दिवशी त्यांनी ती उतरंडीतल्या सगळ्यात वरच्या मडक्यावर मांडली. येईल त्या गिऱ्हाइकाला बाबा सांगत होते, "माह्या पोरीनं भाजलं. पानी नाही मावत त्यात, पन फुटत नाही."

मी मागेच उभी होते. एका बाईनं विचारलं, "कोनं शिकवलं पोरीले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोन शिकवते?" बाबा म्हणाले. "तिनंच शोधलं."