भावजींनी आमच्या हॉलमध्ये आणलेला समुद्र

माझ्या नवऱ्याच्या कॉलेजातल्या या मित्राइतका उपद्रवी सज्जन हुगळीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. उपद्रवी माणूस दुष्ट असला तर सोपं असतं, सरळ भांडता तरी येतं. हे गृहस्थ आपल्या भल्यासाठी आपल्या घरात शिरतात, आपल्याच खुर्चीवर बसण्याआधी ती गदागदा हलवून बघतात आणि 'वहिनी, मागचा पाय दगा देणार' असं हसतमुखाने सांगतात. आठवड्याभरात तो पाय खरंच दगा देतो, हे आणखी संतापजनक. मी त्यांना भावजी म्हणते. ते गार्डन रीचच्या गोदीत जहाजाच्या पत्र्यांचे सांधे तपासायच्या कामावर होते. बायको नाशिकला शाळेत शिकवते, मुलगा बारावीत, त्यामुळे कोलकात्यात हे एकटेच, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. आमचं घर तिथून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. तो तळमजलाच आम्हाला भोवला.

जगातली प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे गळत असते, फक्त शोधणारा हवा, अशी भावजींची श्रद्धा. आमच्या मुक्ताला वाढदिवसाला त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि लगेच परत नेली. झाकणाच्या कडेला खडू घासून ती म्हणे तीन दिवस उलटी टांगली, खडू ओला झाला नाही तेव्हाच पोरीच्या हातात दिली. दुर्गापूजेच्या दिवसांत पाड्यातला, म्हणजे आमच्या वस्तीतला, मांडव बघायला गेलो, तर लोक देवीचं मुख बघत होते आणि हे मागच्या बाजूला बांबूच्या गाठी ओढून बघत होते. एक गाठ सुटली. कमिटीचे सेक्रेटरी धावत आले, गाठ पुन्हा बांधली गेली, आणि तेव्हापासून 'इंजिनिअर दादा' दिसले की सेक्रेटरी समोरच्या फुटपाथवर जातात.

अशा माणसाचं ब्लडप्रेशर वाढलं आणि कुणा डॉक्टरने त्यांना घरात मासे ठेवून ते बघत बसायचा सल्ला दिला. चौथ्या मजल्यावर एवढं पाणी ठेवायला घरमालक तयार होईना. मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात माझ्या नवऱ्याने आमचा हॉल देऊन टाकला. "अगं, एकटा आहे बिचारा. आणि किती, एक पेटी तर आहे!"

ती काचेची पेटी माझ्या कामाच्या टेबलाशेजारी बसली. मी घरून काम करते, दिवसाचे चार तास मीटिंगमध्ये असते. भावजी रोज सकाळी सहाला येऊन पाण्यात समुद्री मीठ कालवायचे, खारटपणा मोजायची नळी उजेडाला धरून डोळा मिचकावून बघायचे, वहीत आकडा लिहायचे आणि जायचे. मासे मात्र येईनात. मी विचारलं, तर म्हणाले, "पाणी मुरावं लागतं वहिनी, लोणच्यासारखं." दीड महिना आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी ते रिकामं पाणी आणि त्यातला समुद्रातून आलेला एक छिद्राछिद्रांचा दगड मोठ्या आदबीने पाहिला. मग दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे आले, चार शंखातल्या गोगलगाई आल्या, आणि मला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांत गोगलगाईंच्या शंखांचे तुकडे वाळूत पडलेले दिसू लागले. मग एक मासा नाहीसा झाला. आणि माझ्या मीटिंगमध्ये आवाज येऊ लागला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. बेंगळुरूच्या आमच्या मॅनेजरबाईंनी दोनदा विचारलं, दारावर कुणी आलंय का. मुक्ता म्हणाली, "आई, दगड टकटक करतो. सच्ची." इथे वाढलेल्या पोरीचं मराठी असंच, तीन भाषांचं. मी तिलाच दटावलं. भावजींनी मात्र तिचं ऐकून घेतलं, स्टीलचा पेला काचेला लावला, त्याला कान लावला आणि संध्याकाळभर तसेच बसून राहिले. जेवायच्या वेळेला ओरडले, "वहिनी, मँटिस श्रिंप!" नोकरीत बढती मिळाल्यासारखा चेहरा. दगडाच्या छिद्रातून बोटाएवढा हिरवा प्राणी डोकावत होता. कोळंबीचा दूरचा नातेवाईक. पुढचे दोन हात हातोड्यासारखे छातीशी दुमडलेले. त्या हातांनी तो शंख फोडून खातो, हे भावजींनी अभिमानाने सांगितलं. मी एकच प्रश्न विचारला. "आणि काच?"

"फुटू शकते!" भावजी आनंदाने म्हणाले.

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराचा सल्ला सरळ होता: दगड बाहेर काढा, वर उकळतं पाणी ओता. मला तो मनापासून पटला. भावजी दुखावले. "तो त्या दगडात आधीपासून राहत होता, वहिनी. मासे आपण नंतर आणले." उरलेला मासा दुकानदाराकडे परत गेला आणि खुन्यासाठी नवं घर बांधायला सुरुवात झाली. काच नको म्हणून जाड अ‍ॅक्रिलिकच्या शीट आल्या. आमच्या बाल्कनीत त्यांची पेटी जोडून, सांध्यांवर खडू घासून, आठ दिवस पाणी भरून ठेवली; तेवढे दिवस आमचे कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळले. बिळासाठी नळीचा तुकडा वाकवून वाळूत पुरला. त्याला दार बांधायला आवडतं म्हणून शिंपल्यांचे तुकडे निवडून टाकले. झाकणाला चिमटे, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून छोटा पंखा. आमच्या हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर दोन वर्षं बिघडलेला आहे, तो अजून तसाच आहे.

सगळ्यात कहर खाण्याचा. भावजी पक्के शाकाहारी. मासळीबाजाराचा वास नको म्हणून बसचा एक स्टॉप पुढे उतरून चालत येणारे. तेच आता एक दिवसाआड मासेवालीपुढे उकिडवे बसून जिवंत गुगली, म्हणजे तळ्यातल्या बारक्या गोगलगाई, निवडू लागले. एकदा मी बरोबर होते. मासेवाली मावशीने कौतुकाने विचारलं, "दादा, की दिये रांधबेन?" काय घालून शिजवणार, म्हणून.

"रांधबो ना," भावजी म्हणाले. "ओ काँचाई खाय." शिजवणार नाही, तो कच्च्याच खातो.

"के?" कोण, म्हणून.

"आमार बंधू." माझा मित्र.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी कोथिंबिरीच्या जुड्या बघू लागले.

माझा संयम सुटला तो एका दुपारी. साहेबांसमोर मी कॅमेऱ्यावर आकडेवारी मांडत होते आणि माझ्यामागे भावजी स्टुलावर चढून खिडकीला खाकी कागद चिकटवत होते, कारण 'त्याला' ऊन लागत होतं. मीटिंग संपल्यावर मी म्हटलं, "भावजी, हे घर आहे. तुमची गोदी नाही. मला माझ्या घरात शांतपणे बसायचंय." ते स्टुलावरून उतरले. उरलेला कागद नीट गुंडाळला, कात्री जागेवर ठेवली आणि 'बरं' म्हणून गेले.

तीन दिवस आले नाहीत. नवरा चहा पिताना पुन्हापुन्हा दाराकडे बघायचा. चौथ्या दिवशी मीच ती नळी उजेडाला धरली, डोळा मिचकावला आणि त्यांना फोन केला. "आकडा वर गेलाय. काय करू?"

"साधं गाळलेलं पाणी घाला, थोडं थोडं." मग, "मी येऊ का?"

"या. चहा टाकते."

त्यानंतर आठवड्याभरात त्यांची विशाखापट्टणमला बदली झाली आणि त्याच सुमाराला प्राण्याने बिळाचं तोंड शिंपल्यांनी बंद करून घेतलं. आवाज थांबला. दोन दिवस, चार दिवस, काही नाही. भावजी म्हणाले, कात टाकत असेल. जुनं कवच उतरवून नवं घट्ट होईपर्यंत तो असा कोंडून घेतो. पण ते स्वतःलाच समजावत होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते पेटीपुढे बसले होते. मुक्ताने विचारलं, "काका, तो मरून गेला काय?"

"माहीत नाही गं."

"मग नळी उचलून बघू ना!"

मलाही तेच वाटत होतं. एक चिमटा घालून दोन शिंपले बाजूला केले असते तर माणूस निर्धास्त होऊन गाडीत बसला असता. "बघा ना भावजी," मी म्हटलं. "निदान कळेल तरी."

त्यांनी मान हलवली. "आतून दार लावलंय, वहिनी. आत्ता त्याचं अंग मऊ असेल. आपण वाजवायचं नाही." वही माझ्या हातात दिली. पेटी इथून हलवायची असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ते गेले. पोचल्याचा फोन आला, त्यात घराबद्दल बोलले, नव्या ऑफिसबद्दल बोलले, नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. पेटीतल्या त्याच्याबद्दल अक्षर नाही. पुढचे पाच दिवसही नाही.

सहाव्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. टक्. मी माईक बंद केला. शिंपल्यांच्या भिंतीत एक भोक पडलं होतं, त्यातून एक तुकडा बाहेर ढकलला गेला, मग दुसरा. आणि तो आला. थोडा मोठा झालेला, गडद हिरवा, नव्या लाखेच्या बांगडीसारखा चकचकीत. मी फोन लावला. पलीकडे घणांचे आवाज येत होते.

"भावजी, बाहेर आला."

घणांचे आवाज दूर गेले, ते आडोशाला आले असावेत. मग, "दोन्ही हात आहेत?"

मी वाकून पाहिलं. "आहेत."

"दोन दिवस खायला देऊ नका. कवच अजून कच्चं असेल." आणि शेवटी, "बरं झालं तुम्ही घरी होतात, वहिनी."

फोन ठेवल्यावर मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. मॅनेजरबाई माझं नाव घेऊन हाका मारत होत्या. त्या प्राण्याचे डोळे दांड्यांवर असतात आणि दोन दिशांना वेगवेगळे फिरतात. एक माझ्यावर रोखलेला होता. दुसरा हळूहळू फिरत सगळा हॉल धुंडाळत राहिला, स्टुलापासून दारापर्यंत आणि परत.