परातीत बघून मांडलेला पट

औरंगपुऱ्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. दिवसभर तांबे, पातेली आणि पराती एकमेकांवर आपटत असतात, त्यामुळे मला हळू बोलता येत नाही. बायको म्हणते, मी घोरतोसुद्धा गिऱ्हाईकाला भाव सांगितल्यासारखा. असा माणूस बुद्धिबळासारख्या मुक्या खेळात कसा शिरला, हे लोक विचारतात. त्याला कारण माझे इवाई, म्हणजे लेकीचे सासरे.

इवाई कन्नड गावचे. ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, आणि बुद्धिबळाची इतकी पुस्तकं आहेत की त्यांच्या घरी उंदीरसुद्धा आडव्यातिडव्या चाली चालतात. लग्नाच्या बैठकीत बाकीची मंडळी जेवणात जिलबी का बुंदी यावर भांडत होती, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुम्हाला बुद्धिबळ येतं का?" मी म्हणालो, "येतं? आमच्या तालुक्यात माझ्यासमोर बसायला माणसं घाबरायची." हे खोटं नव्हतं. मी हरायला लागलो की पट उधळायचो, म्हणून घाबरायची.

लग्न झालं आणि आमचा मोबाइलवर खेळ सुरू झाला. समोरासमोर बसायचं नाही, घड्याळाची टिकटिक नाही. एकानं चाल करायची, दुसऱ्यानं तीन दिवसांत सवडीनं उत्तर द्यायचं. ते उसाला पाणी देता देता खेळायचे, मी गिऱ्हाईक करता करता. ते जिंकायचे, मी हरायचो. इतका हरलो की पुढंपुढं पट उघडला की माझा राजा आपणहून आडवा व्हायचा. त्यांना सुरुवातीच्या पंधरा-वीस चाली तोंडपाठ. मी प्यादं हलवलं की तिकडून लगेच उत्तर, आणि वर निरोप: "ही चाल पुस्तकात वाईट सांगितली आहे." मी म्हणायचो, "आमच्या गल्लीत चांगली सांगितली आहे." पण गल्लीचं काही चालायचं नाही.

मग एकदा लेक माहेरी आली असताना माझा हरलेला डाव बघून म्हणाली, "पप्पा, नऊशे साठ खेळा त्यांच्याशी. त्यात पुस्तक चालत नाय."

नऊशे साठ म्हणजे बुद्धिबळच, पण मागची ओळ विस्कटलेली. प्यादी जागच्या जागी. मागं मात्र वजीर कोपऱ्यात, घोडा राजाच्या मांडीवर, हत्ती मध्येच, अशी मांडणी मोबाइल आपल्या मनानं करतो. दोन्हीकडं सारखीच. अशा नऊशे साठ तऱ्हा होतात म्हणून हे नाव. प्रत्येक डाव नव्या गावात उतरल्यासारखा. रस्ता कुणालाच माहीत नाही, सगळ्यांनीच विचारत विचारत जायचं. मला तर आयुष्यभर अशाच गावाची सवय.

पहिल्याच डावात इवायांची तारांबळ उडाली. एरवी लगेच येणारी चाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. फोन करून म्हणाले, "इवाई, हे काय मांडलंय? लग्नघरात जोडे ठेवल्यासारखं!" तो डाव तेच जिंकले, पण घामाघूम होऊन. त्यानंतर आम्ही दुसरा खेळ खेळलोच नाही.

आता मुद्द्याचं. आमच्याकडं जुनी रीत आहे. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबापानं तिच्या घरी जेवायचं नाही. लेक-जावयानं काही घाई केलेली नाही, करूही नये, त्यांचं ते बघतील. पण तीन वर्षं झाली, मी कन्नडला गेलो की ओसरीवर बसायचो, चहा घ्यायचो आणि "बस चुकंल" म्हणून उठायचो. बस कसली चुकते! स्टँडवर जाऊन वडापाव खायचो. लेक दारापर्यंत यायची. मागच्या खेपेला म्हणाली, "पप्पा, गावातले कुत्रे-मांजरं माझ्या हातचं जेवून गेले. तुमचा नंबर कवा लागणार?" हसत म्हणाली, पण त्या दिवशी स्टँडवर मी वडापाव अर्धाच खाऊन ठेवला.

हे इवायांच्या कानावर गेलं असावं. अधिक महिना जवळ आला, म्हणजे आमचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो, त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालतात, वाण देतात. इवायांचा फोन आला.

"इवाई, एक पैज लावता का?"

"लावा. माझ्याकडं हरायचा अनुभव दांडगा हाय."

"नवा डाव मांडायचा. मी जिंकलो तर तुम्ही चारचौघांत टॉवेल-टोपी देऊन सांगायचं, की कन्नडच्या इवायापुढं आपलं काही चालत नाय."

"आन मी जिंकलो तर?"

"तर ह्या धोंड्याच्या महिन्यात मी तुम्हाला जावई समजून पाटावर बसवणार. आमच्या घरी, सूनबाईच्या हातचं."

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो, आणि तेही चक्क हळू. दुकानातल्या भांड्यांनासुद्धा आश्चर्य वाटलं असेल.

पण रीत घरातल्या सुप्रीम कोर्टाकडं, म्हणजे बायकोकडं. ती गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं चार खडे काढून फेकले आणि निकाल दिला, "लेकीच्या घरचं फुकट खायचं नसतं. जिंकून खाल्लेलं फुकट कुठं असतंय? चालतंय." मग पुढं म्हणाली, "पण जिंका म्हंजे झालं. तुमचं जिंकणं मी अजून पाह्यलं नाय."

डाव सुरू झाला. मला काळ्या सोंगट्या. मांडणी अशी की वजीर एका टोकाला रुसून बसलेला आणि दोन्ही घोडे राजाच्या दोन बाजूंना सारख्याच अंतरावर, जुळ्या भावांसारखे. मी इतकी वाईट खेळी केली की काय सांगू! नशिबानं इवायांचीही तशीच होती. अर्धा डाव झाला तेव्हा दोघंही बरोबरीत होतो, आणि बरोबरी म्हणजे माझ्या हिशेबानं दिग्विजय.

तेवढ्यात धोंड्याचा महिना लागला. या महिन्यात भांड्यांच्या दुकानात काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. वाणाला ताट, ताम्हन, समई, तांब्या, सगळा जिल्हा आमच्या ओट्यावर. बायकांची इतकी गर्दी की एकदा मी आत अडकलो आणि दोन जणींनी माझ्यावर टिचक्या मारून पितळ आहे का पाहिलं. उन्हाळा असा की परात दारात ठेवली तर तीत भाकरी भाजून निघावी.

अशात चाल ठरवायची. मी मोठ्या डावांना दुकानात लाकडी पट मांडतो. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर मला उंट आणि प्यादं एकच दिसतं. त्या दिवशी मोबाइल मागच्या फळीवर चार्जिंगला उभा होता आणि त्याची वायर हातभर. मी गल्ल्यावर, माझी पाठ फळीकडं. समोर नवी कोरी स्टीलची परात टेकवलेली, आरशाहून लख्ख. तिच्यात मोबाइल अख्खा दिसत होता, आणि परातीच्या गोलाईमुळं अंमळ मोठा. मी खूश! मान न वळवता परातीत बघत बघत एकेक सोंगटी मांडली, एकीकडं "मावशी, आतला भाव लावलाय" चालूच.

कुणी म्हणेल, उलटं दिसतंय हे कळलं कसं नाही? साध्या बुद्धिबळात कळलं असतं. राजा-वजीर जागा बदलून दिसले की शेंबडं पोरही ओळखतं. पण नऊशे साठमध्ये सगळंच वेडंवाकडं. सुलट काय ते कुणाला ठाऊक, तर उलट ओळखणार कोण?

दोन दिवस मी त्या पटावर डोकं घासलं. आणि सापडली! डावीकडचा घोडा कडेला न्यायचा. तिथून पुढच्या चालीत तो त्यांच्या हत्तीवर आणि वजिरावर एकदमच झडप घालणार. मला इतका आनंद झाला की एका बाईला समईवर झाकण फुकट दिलं. समईला झाकण नसतं, ते तिनंच सांगितलं. मी मोबाइल हातात घेतला, डावीकडचा घोडा धरला, कडेला ठेवला, चाल पाठवली.

आणि मग पडदा नीट बघितला.

तो घोडा भलत्याच बाजूला गेला होता. हत्ती तिकडं, वजीर तिकडं, आणि माझा घोडा इकडं, जिथं शत्रू नाही, मित्र नाही, चरायला गवतसुद्धा नाही. मी परातीकडं पाहिलं. परातीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते सुलट दिसत होतं की उलट, याची मला त्या क्षणी काही खात्री नव्हती. पाठवलेली चाल माघारी घेता येत नाही. मी गिऱ्हाइकांना सोडून मागं पोत्यावर जाऊन बसलो. डोळ्यांपुढं कन्नडचं स्टँड आणि वडापाव.

बायको डबा घेऊन आली. तोंड बघूनच म्हणाली, "गेलं ना जेवण?"

"गेलं नाय. पण पाटावरून उठल्यातच जमा."

पहिला दिवस गेला, इवायांची चाल नाही. दुसरा गेला. आता ते खदखदून हसत असतील आणि गावभर सांगत असतील, असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"इवाई, तो घोडा..."

"व्हय, घोडा."

"तिथं का नेला?"

मी भांडीवाला. पातेल्याला पोचा असला तरी गिऱ्हाइकाला मी नक्षी म्हणून दाखवतो. म्हणालो, "बघा की. सगळं आत्ताच सांगितलं तर मजा काय?"

इवाई म्हणाले, "मला वाटलंच. झोप नाय मला. मोटार चालू ठेवून बांधावर बसलो, तर पाणी शेजाऱ्याच्या वावरात गेलं."

पुस्तकात वाढलेल्या माणसाचं असंच असतं. त्याला वाटतं, प्रत्येक चालीला कारण असतं. वेळ संपता संपता त्यांची चाल आली: वजीर मागं. माझ्या घोड्याच्या धाकानं! मी पट मोडून पुन्हा मांडला, या वेळी मोबाइल मांडीवर घेऊन. पुढच्या चालीला त्यांनी एक हत्ती त्या बाजूला पहाऱ्याला आणला, नंतर उंटही. माझा घोडा कडेला उभा राहून काही करत नव्हता आणि निम्मं सैन्य त्याच्यावर नजर ठेवून होतं. दुसरीकडं त्यांच्या राजापाशी दोन प्यादी आणि देवाची कृपा. मी तिकडून वजीर घातला, मागून हत्ती घातला. माझ्यासारख्यालाही त्यात चुकायला जागा उरली नव्हती. महिना सरायला आठवडा असताना निरोप आला: "हरलो. रविवारी या. वहिनींना घेऊन."

बायकोनं निरोप दोनदा वाचला. "मुद्दाम हरले असतील," ती म्हणाली.

"मुद्दाम कोण झोप घालवतं का?"

"चांगलं माणूस घालवतंय," ती म्हणाली आणि कपाटातली साडी काढायला गेली.

रविवारी आम्ही एसटीनं निघालो. छावणी ओलांडेपर्यंत बायको मला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगत होती की हावऱ्यासारखं खाऊ नका. कन्नडला पोचलो तर दारात रांगोळी, पाट मांडलेला. इवायांनी स्वतः कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. आमचे खरे जावई भिंतीला टेकून उभे. म्हणाले, "मामा, तुम्ही जावई, मग मी कोण ह्या घरात?" इवाई म्हणाले, "तू वाढप्या. ते तूप आण."

जेवायला बसल्यावर इवाई कानाशी आले. "आता तरी सांगा. त्या घोड्याचं काय होतं?"

मी सांगितलं, की आमच्या आजोबांच्या आजोबांनी निजामाच्या एका सरदाराला हाच घोडा कडेला नेऊन हरवलं होतं, आणि ती चाल घराण्याबाहेर सांगायची नाही अशी शपथ आहे. इवायांनी आदरानं मान हलवली. मागून बायकोला ठसका लागला. तिला परातीचं माहीत होतं.

मग लेक आली. ताटात धोंडे, कटाची आमटी, कुरडया. धोंडा फोडून त्यात तिनं तूप सोडलं आणि समोर बसली, पदराला हात पुसत. मी पहिला घास घेतला. पुरणात वेलदोडा जरा जास्त होता. आमटीला लसूण तिच्या आईच्या घरचा नव्हे, इथला, झणझणीत. म्हणजे हिचा हात आता हिचा झाला होता, आणि हे मला तीन वर्षं माहीतच नव्हतं.

"कसं झालंय, पप्पा?"

एरवी मी चमच्याला सोन्याचा भाव सांगतो. "बरं झालंय," म्हणालो.

"नुसतं बरं?"

मी ताट पुढं सरकवलं. तिनं अजून एक धोंडा वाढला. तो संपल्यावर आणखी एक. बायको डोळे वटारत होती, इवाई "वाढा, वाढा" ओरडत होते, जावई तुपाचं भांडं घेऊन धावत होते, आणि मी मान खाली घालून जेवत होतो.