उपाशीपोटी गोळी

सोमनाथ आणि मी कन्हेरीच्या शाळेत एका बाकावर होतो. तो मेंदूचा डॉक्टर झाला, मी मास्तर झालो. एक्याण्णव साली पुण्याची चांगली नोकरी सोडून तो बारामतीत दवाखाना थाटायला आला, तेव्हा मी तोंडावर म्हणालो, "तुझ्याच मेंदूचं काहीतरी बिनसलंय."

तो चिडला नाही. "अरे, पुण्यातल्या माणसाचं अंग लुळं पडलं की त्याच दिवशी तो माझ्यापुढं असतो. आपला माणूस येतो चार दिवसांनी. अंगावरून वारं गेलं म्हणून त्याला दारं लावून कोंडलेलं असतं, कबुतराचं रक्त चोळलेलं असतं. तोवर माझ्या हातात काय उरतं?"

मग दर रविवारी माझ्या स्कूटरवरून आम्ही गावं फिरू लागलो. माणसं मी गोळा करायची, रक्तदाब त्यानं मोजायचा. एवढा हुशार माणूस, पण बोलायला महाकंटाळवाणा. बायका पदराआड जांभया द्यायच्या. शेळगावात मात्र त्याचं नशीब उघडलं, कारण तिथं छबूबाई भेटली.

छबूबाईच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की कुणाच्या बापाला ऐकायचा नाही. तिचा रक्तदाब भलताच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली, आणि सोमनाथचं भाषण तिनं आपल्या पद्धतीनं सांगायला घेतलं.

"त्वांड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर देवरशाकडं न्हाय, दवाखान्यात पळायचं! आन् गोळी रोज. बरं वाटतंय म्हणून सोडायची न्हाय. उपाशीपोटी घ्यायची न्हाय, डाक्तरांनी सांगितलंय."

बायका हसायच्या आणि ऐकायच्या. पुढं पुढं वाड्यावस्त्यांवरून डॉक्टरपेक्षा तिलाच बोलावणी येऊ लागली. मी त्यावरून सोमनाथला चिडवायचो, आणि तो खुशीत हसायचा.

शहाण्णवच्या नवरात्रात, आठव्या माळेला, छबूबाईला जीपमधून बारामतीला आणलं. उजवी बाजू गेली होती. वाचा गेली होती. तिच्या सुनेनं, पिंकीनं, जराही वेळ दवडला नव्हता. सासूनंच शिकवलं होतं तिला. सोमनाथनं जिवाचं रान केलं. छबूबाई वाचली, पण वाचा परत आली नाही.

"गोळी चुकली होती का?" त्यानं पिंकीला विचारलं.

"आत्याबाई गोळी चुकवतील व्हय?" पिंकी रडत म्हणाली. "पर नवरात्राचा कडक उपास हाय न्हवं त्यांचा, निस्त्या पाण्यावर. उपाशीपोटी गोळी न्हाय घ्यायची, तुमीच सांगितलंय. कुठल्याबी उपासाला घेत न्हाय त्या."

पोटात जळजळ होऊ नये म्हणून सोमनाथनं सहज सांगितलेलं ते वाक्य होतं. त्याची आई आठवड्यातले दोन-तीन दिवस उपास करायची. पण त्यानं वाचलेल्या जाडजूड पुस्तकांत एकाही बाईचा उपास नव्हता. मला त्या पुस्तकांचा आजही संताप येतो.

दिवाळीनंतर आम्ही शेळगावला गेलो. शाळेच्या वर्गात बायका जमल्या होत्या. पिंकीनं छबूबाईला धरून आणलं आणि भिंतीशी टेकवून बसवलं.

"उपासाला गोळी कोण कोण घेत नाही?" सोमनाथनं विचारलं. "खरं सांगा, मी रागावणार नाही."

कुणी हलेना. मग छबूबाईनं डावा हात वर केला. तिच्यामागून एकेक करत जवळजवळ सगळ्या वर्गाचे हात वर गेले.

"माझंच चुकलं," सोमनाथ म्हणाला. "गोळीनं उपास मोडत नाही. नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी चालते." बायकांना ते पटलेलं दिसेना. तो सवयीनं भिंतीकडं वळला. "मावशी, तुम्हीच सांगा यांना."

बोलून गेला आणि जागीच थिजला. पण छबूबाई सांगायला लागली होती. डावा हात हलवत ती जीव तोडून सांगत होती. तोंडातून नुसतं "गो... गो..." एवढंच निघत होतं. बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या, आणि ती काही थांबत नव्हती.